२४ अक्षरं आणि न कोरलेलं साल: श्रवणबेळगोळच्या मराठी ओळींचं प्रकरण

मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. वर गोमटेश्वराचा फोटो, खाली ‘श्री चामुंडराये करवियले’, त्याखाली ‘इ.स. ९८३’ आणि ठळक अक्षरांत ‘मराठीतला पहिला शिलालेख’. या छोट्याशा मजकुरात तीन स्वतंत्र विधानं आहेत. दगडावर काय कोरलंय हे एक, ते कधी कोरलं हे दुसरं, आणि बाकीच्या सगळ्या मराठी लेखांशी तुलना करून दिलेला ‘पहिला’ हा मान तिसरं. तिन्ही एका दमात सांगितली जातात आणि तिन्ही ठिकाणी काही ना काही निसटतं.

जुन्या इतिहासावर सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिणाऱ्यांनी हे प्रकरण सावकाश उलगडून पाहावं. लेख छोटा आहे, प्रसिद्ध आहे, त्यावर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ अभ्यास झालेला आहे, तरी चूक होते. मग गावाबाहेरच्या एखाद्या झिजलेल्या वीरगळीवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकदगडावर, लिहिताना किती जपायला हवं, याचा अंदाज येतो.

दगडावर नेमकं काय आहे

श्रवणबेळगोळ कर्नाटकात, हासन जिल्ह्यात. विंध्यगिरीवर अनवाणी ६०० हून अधिक पायऱ्या चढून गेलं की एकाच दगडातून घडवलेली सुमारे ५७ फुटांची बाहुबलीची, म्हणजेच गोमटेश्वराची, मूर्ती समोर येते. ती करवून घेणारा चावुंडराय (किंवा चामुंडराय) हा गंग राजांचा, म्हणजे मारसिंह आणि त्यानंतर राचमल्ल यांचा, मंत्री आणि सेनापती. मूर्तीच्या पायांशी दोन्ही बाजूंना दगडातच वारुळं कोरली आहेत, त्यांतून नाग बाहेर डोकावतात. तपश्चर्येत इतका काळ गेला की अंगाशी वारुळं उठली, ही त्यामागची कल्पना. या वारुळांच्या दगडावरच हे छोटे लेख आहेत.

एका बाजूला कानडीत ‘श्रीचामुण्डराजं माडिसिदं’ आणि तमिळमध्ये ‘श्रीचामुण्डराजन् शेय्वित्तान्’. दुसऱ्या बाजूला नागरी लिपीत दोन ओळी:

श्रीचावुण्डराजें करवियलें
श्रीगंगराजे सुत्ताले करवियले

अर्थ असा: श्री चावुंडराजाने करवून घेतलं; श्री गंगराजाने भोवतालचं आवार करवून घेतलं. पहिल्या ओळीत ११ अक्षरं, दुसरीत १३. एकूण २४. साल नाही, तिथी नाही, संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव) नाही, कोणा राजाच्या राज्यवर्षाचा उल्लेखही नाही. ‘९८३’ हा आकडा त्या दगडावर कुठेच नाही, आणि या लेखावर लिहिताना वाचकाला सर्वांत आधी हेच सांगायला हवं.

वाचन: ‘राये’ कुठून आलं?

फिरणाऱ्या मजकुरात ‘चामुंडराये’ असतं, दगडाच्या वाचनात ‘चावुण्डराजें’. ‘चामुंडराय’ हे नाव ओळखीचं असल्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो, आणि पुढचा लिहिणारा मागच्या लिहिणाऱ्याकडून उतरवून घेतो. दोन-तीन हातांतून गेल्यावर दगडावर नसलेला शब्द दगडावरचा म्हणून पक्का होतो. पाठ्यपुस्तकं आणि स्पर्धा परीक्षांच्या टिपणांमधून शिकलेल्या माणसाला ‘राये’च पाठ असतं. त्यात त्याचा दोष नाही, पण लिहायला बसलेल्या माणसाने ते तपासायला हवं.

तपासणं अवघड नाही. या गावच्या लेखांचा संग्रह लुईस राइस यांनी १८८९ मध्ये काढला आणि आर. नरसिंहाचार यांची वाढवलेली आवृत्ती १९२३ ची. हुल्ट्श यांनी १९०२–०३ च्या सुमारास दक्षिणेतल्या तीन जैन महामूर्तींवरचे लेख ठशांसह, म्हणजे दगडावर ओला कागद दाबून घेतलेल्या छापांसह, छापले. हे सगळं आज स्कॅन होऊन मोफत वाचायला मिळतं. लेखातली ओळ उतरवायची ती अशा ठसा-वाचनावरून, दुसऱ्या कोणाच्या लेखावरून नाही. या एका सवयीने निम्म्या चुका टळतात.

उतरवताना चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. दगडावर ओळ जिथे तुटते तिथेच तोडायची. संशयित किंवा झिजलेलं अक्षर चौकटी कंसात ठेवायचं, संपादकाने सुचवलेली दुरुस्ती गोल कंसात, आणि या खुणांचा अर्थ एका वाक्यात वाचकाला सांगून टाकायचा. ‘ण्ड’ असेल तर ‘ण्ड’च टाइप करायचं, ‘ंड’ नाही. चौथी गोष्ट अनुस्वाराची, आणि ती सर्वांत त्रासदायक. ‘करवियलें’वरचा अनुस्वार म्हणजे जुन्या मराठीच्या नपुंसकलिंगाची खूण आहे, शुद्धलेखनाची चूक नाही. फोनचा कीबोर्ड तो बिनदिक्कत उडवतो. शिवाय दुसऱ्या ओळीतले अनुस्वार काही छापील वाचनांत आहेत, काहींत नाहीत. अशा वेळी आपल्याला बरं वाटेल ते निवडू नये. कोणत्या वाचनावरून घेतलं ते सांगावं, आणि फरक आहे हेही सांगावं.

फोटोबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण आज वाचक आधी फोटो पाहतो. कोरीव अक्षर समोरून आलेल्या उजेडात सपाट दिसतं. प्रकाश दगडाला जवळजवळ समांतर, १५–२० अंशांच्या कोनातून पडला तर खाचेत सावली भरते आणि अक्षर उठतं. म्हणून सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन किंवा बाजूने धरलेली बॅटरी. एकाच कोनातून पडलेला उजेड त्या दिशेने जाणाऱ्या रेघा लपवतो, म्हणून निदान चार दिशांनी उजेड टाकून चार फोटो घ्यावेत. एका फोटोत १५ सेंटिमीटरची पट्टी दगडाशेजारी धरलेली असावी. अक्षरात खडू, चुना, पीठ, तेल काहीही भरू नये. एक तर दगड खराब होतो. दुसरं म्हणजे खडू भरणारा आपल्याला जे अक्षर वाटतं तेच भरतो, आणि मग फोटोत दगड दिसत नाही, त्याचं मत दिसतं. संरक्षित स्मारकावर ओल्या कागदाचा ठसा घ्यायला परवानगी लागते. श्रवणबेळगोळसारख्या पूजेतल्या जागी तर छापील ठशांवरच भागवावं. तिरुपती-पंढरपूरला गाभाऱ्यात जसे वागू तसंच इथेही वागायचं.

साल: ९८३ कुठून चिकटलं?

खरा गुंता इथे आहे. पहिल्या ओळीत चावुंडरायाचं नाव आहे. मूर्ती त्याने करवली. म्हणून ओळ मूर्तीच्या वेळची, आणि मूर्ती ९८३ ची, म्हणून ओळ ९८३ ची. साखळी सरळ दिसते, पण तिच्या दोन्ही कड्या कच्च्या आहेत.

आधी मूर्तीचं साल. चावुंडरायाने शके ९०० मध्ये, म्हणजे इ.स. ९७८ मध्ये, कानडी गद्यात त्रेसष्ट शलाकापुरुषांचं, म्हणजे जैन परंपरेतल्या महापुरुषांचं, पुराण लिहून पुरं केलं. त्यात या मूर्तीचा उल्लेख नाही. इतकं मोठं काम आधीच झालं असतं तर त्याने ते गाळलं नसतं, म्हणून मूर्ती ९७८ नंतरची, असा अंदाज बांधला जातो. अंदाज पटण्यासारखा आहे, तरी तो ‘उल्लेख नाही’ या गोष्टीवर उभा आहे. नेमकं वर्ष कोणतं यावर एकमत नाही. १९८१ मध्ये मूर्तीच्या सहस्राब्दीचा मोठा महामस्तकाभिषेक झाला, म्हणजे तो सोहळा ९८१ हे साल धरून झाला. मराठी पुस्तकांत मात्र ९८३ छापलं जातं. एकाच मूर्तीची दोन सालं, आणि दोन्ही ठाम स्वरात. लेखात ‘९७८ नंतरच्या थोड्याच वर्षांत, बहुधा ९८१ ते ९८३ च्या सुमारास’ एवढं लिहिलं तर काही बिघडत नाही.

आता दुसरी कडी. ओळ मूर्तीच्याच वेळची आहे का? इथे दुसरी ओळ बोलू लागते. गंगराज हा चावुंडरायाचा समकालीन नाही. तो होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. त्याने १११६–१७ च्या सुमारास कावेरीकाठचं तळकाड चोळांकडून जिंकून घेतलं, आणि त्याच काळात गोमटेश्वराभोवतीचं आवार, म्हणजे ‘सुत्तालय’, बांधवलं. तेव्हा दुसरी ओळ बाराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आधी जाऊ शकत नाही. यात वाद नाही.

मग ठशात दोन्ही ओळी शेजारी ठेवून पाहायच्या. ‘श्री’ची वळणं, ‘क’चं पोट, ‘र’ची शेपटी, ‘य’ आणि ‘ल’ची बसणूक. दोन्ही ओळींत ‘श्री’, ‘राजे’ आणि ‘करवियले’ हे तुकडे सारखे असल्यामुळे ताडून पाहणं सोपं जातं, तेच अक्षर दोनदा समोर असतं. अक्षरवळण एकाच हाताचं आहे, असं बारकाईने पाहणाऱ्या अभ्यासकांचं मत झालं. तसं असेल तर दोन्ही ओळी एकाच वेळी, म्हणजे गंगराजाच्या वेळी कोरल्या गेल्या. आवार बांधून झाल्यावर ‘मूर्ती चावुंडरायाने करवली, आवार गंगराजाने करवलं’ अशी जोडनोंद नागरीत करून ठेवली, असा त्याचा अर्थ होतो. पहिल्या ओळीत सांगितलेली घटना दहाव्या शतकातली, ओळ कोरली गेली बाराव्यात. मधलं अंतर सुमारे १३५ वर्षांचं.

घटनेचं साल आणि नोंदीचं साल यांची ही गल्लत जुन्या इतिहासावर लिहिताना सर्वांत जास्त वेळा होते. देवळाच्या भिंतीवर मूळ बांधणाऱ्याचं नाव जीर्णोद्धाराच्या वेळी कोरलेलं असतं. बखरीत वर्णन केलेल्या प्रसंगाचं साल बखरीलाच चिकटतं. आजोबांच्या लढाईची वीरगळ नातू उभी करतो. म्हणून टिपण काढताना दोन वेगळे रकाने ठेवावेत: ‘ज्याबद्दल सांगितलं त्याचा काळ’ आणि ‘सांगितलं तो काळ’. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच ठेवायचा, पहिल्यातला आकडा तिथे ओढून आणायचा नाही.

भाषा मराठीच कशावरून

हा भाग वाचकाला सर्वांत आवडतो आणि इथे त्याला हातात काहीतरी देता येतं. ‘करवियलें’ हा शब्द सुटा करून दाखवावा. ‘कर’ हा धातू, ‘करव-’ हे प्रयोजक रूप म्हणजे दुसऱ्याकडून करून घेणं, ‘-ल-’ हा भूतकाळाचा प्रत्यय, आणि शेवटचं ‘-एं’ नपुंसकलिंगी एकवचन. आजचं ‘करविलं’ त्याच्या अगदी शेजारी उभं आहे. ‘चावुण्डराजें’मधलं ‘-एं’ ही तृतीया: चावुंडराजाने. कर्ता तृतीयेत आणि क्रियापद कर्माप्रमाणे, हा ‘रामाने आंबा खाल्ला’चाच सांगाडा.

‘-ल-’ जुना आहे याला बाहेरूनही आधार मिळतो. जैन आचार्य उद्द्योतनसूरीने ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा शके ७०० च्या अखेरीस, इ.स. ७७९ मध्ये, राजस्थानातल्या जालोरला पुरी केली. बाजारात जमलेल्या निरनिराळ्या प्रदेशांच्या लोकांचं वर्णन करताना मरहट्ठ्यांच्या तोंडी त्याने ‘दिण्णले गहिल्ले’ हे शब्द घातले, म्हणजे ‘दिले, घेतले’. दूरच्या माणसाच्या कानावर मराठी बोलणाऱ्याची जी लकब पडली, ती हीच ‘ल’ची. श्रवणबेळगोळच्या दोन्ही ओळी त्याच ‘ल’वर संपतात.

एक सापळा मात्र टाळायला हवा. कानडी ओळीत ‘चामुण्ड’, मराठी ओळीत ‘चावुण्ड’. ग्राम–गाव, नाम–नाव यांसारखा ‘म’चा ‘व’ झाला, म्हणजे मराठीपणाचा आणखी एक पुरावा, असं लिहायचा मोह होतो. तो आवरावा. ‘चावुंडराय’ हे रूप कानडीतही चालतं, त्याचं पुराण त्याच नावाने ओळखलं जातं. मोहक वाटणारा पुरावा दुसऱ्या बाजूनेही तपासला नाही तर पहिलाच जाणकार वाचक तो खोडून काढतो, आणि त्याबरोबर लेखातल्या पक्क्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

‘सुत्ताले’ तर सरळ कानडीतून आलेलं आहे. ‘सुत्त’ म्हणजे सभोवती. मराठी वाक्यात कानडी बांधकामाचा शब्द बेमालूम बसलाय, आणि शेजारी तमिळ आहे. ही जागा किती भाषांच्या यात्रेकरूंची होती हे त्यावरून दिसतं. आजही कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातले जैन मोठ्या संख्येने तिथे जातात. नागरी ओळी अशाच उत्तरेकडून येणाऱ्यांसाठी कोरल्या असाव्यात, हे अनुमान आहे आणि लेखात ‘असाव्यात’ हाच शब्द राहिला पाहिजे. या ओळींवरून ‘मराठी मुलूख तिथवर होता’ असं सिद्ध करू पाहणारे लेखही फिरतात. दोन ओळींवर एवढा भार टाकता येत नाही, आणि शेजारच्या कानडी-तमिळ ओळी फोटोतून कापून टाकणं तर सरळ खोटं आहे.

‘पहिला’ म्हणताना

श्रवणबेळगोळची ओळ १११७ च्या सुमाराची धरली तर पहिलेपणाचा मान दुसरीकडे जातो. तिथे तीन नावं येतात.

अलिबागजवळच्या अक्षी गावचा लेख कोकणातल्या शिलाहार घराण्यातल्या केसिदेव राजाच्या काळातला आहे. ‘पश्चिमसमुद्राधीपती’ असं बिरुद, पुढे ‘सकु संवतु ९३४ प्रधावी’, आणि शेवटाकडे ‘महालषुमीची’ आण. शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२. प्राचीन मराठी कोरीव लेखांचं संपादन करणाऱ्या शं. गो. तुळपुळ्यांनी याच लेखाला पहिल्या कालनिर्दिष्ट मराठी लेखाचा मान दिला. दुसरा सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावरच्या हत्तरसंग-कुडलचा, शके ९४० म्हणजे १०१८ चा. आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्याचा शेवट ‘वाछि तो विजेया होईवा’ असा आहे: जो वाचील तो विजयी होईल. तिसरा श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरचा ताम्रपट, शके ९८२, इ.स. १०६०.

साल दिलेलं असलं म्हणून काम संपत नाही. जुन्या अंकांची वळणं फसवी असतात, म्हणून आकड्याबरोबर संवत्सराचं नाव असेल तर ते ताडून पाहायचं. रीत सोपी आहे. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल तो प्रभव या पहिल्या नावापासून मोजलेल्या साठ संवत्सरांच्या यादीतला क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावं, क्षय. घरच्या कॅलेंडरवर आधी करून बघा: शके १९४६ अधिक १२ म्हणजे १९५८, बाकी ३८, अडतिसावं नाव क्रोधी. गुढीपाडवा २०२४ ला तेच लागलं होतं. आता अक्षी: ९३४ अधिक १२, ९४६, बाकी ४६. सेहेचाळिसावं नाव परिधावी, आणि दगडावर ‘प्रधावी’. जुळलं. कुडलच्या ९४० ची बाकी ५२, बावन्नावं नाव कालयुक्त, लेखातही ‘काळयुक्त’. तेही जुळलं. ही दक्षिणेकडची गणना आहे. उत्तरेकडच्या लेखाला ती लावली तर आकडे चुकतील.

तरीही अक्षीच्या लेखाबद्दल शंका घेतली गेली आहे, आणि तिला कारण आहे. शिलाहारांत केसिदेव नावाचे दोन राजे झाले. पहिला, म्हणजे अरिकेसरी, अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा, त्याचा ठाण्याचा ताम्रपट शके ९३९ चा. दुसरा तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, त्याचा चौधरपाड्याचा लेख शके ११६१ चा. नावावरून निकाल लागत नाही, मग सगळी मदार आकड्याच्या वाचनावर आणि संवत्सराच्या ताळ्यावर येते. संवत्सर ९३४ च्या बाजूने आहे. हे सगळं पाहता आमच्या मते अक्षीचं पहिलेपण ‘बहुतेक’ या शब्दासह लिहावं. ते डळमळलं तर कुडल पुढे येतो. श्रवणबेळगोळ या दोन्हींनंतर, दिवेआगरच्याही नंतर.

शकाचं सन करताना होणारी एक चूक इथेच नोंदवतो. बहुतेक जण डोळे मिटून ७८ मिळवतात. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथ्या इंग्रजी सनाच्या पुढच्या वर्षात जाऊन पडू शकतात आणि तिथे ७९ मिळवावे लागतात. सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे शिवजन्म: फाल्गुन वद्य ३, शके १५५१. ७८ मिळवले तर १६२९ येतं, खरी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. लेखात महिना दिलेला नसेल तर ‘१०१२–१३’ असं जोडवर्ष लिहिणं जास्त प्रामाणिक. आणि शक ‘गत’ आहे की ‘वर्तमान’ यावरून आणखी एका वर्षाचा फरक पडतो, तोही संवत्सराच्या नावानेच उलगडतो.

लेख बांधताना

एवढं साहित्य हाताशी आल्यावर सगळं ओतायचं नसतं. १००० ते १२०० शब्दांचा लेख पुरतो. सुरुवात ‘हजार वर्षांपूर्वी एका टेकडीवर…’ अशी करू नये. वाचक अशी सुरुवात शंभर वेळा वाचून बसलाय. सरळ दोन ओळी द्याव्यात, मोठ्या अक्षरात, जशा दगडावर आहेत तशा. लगेच खाली आजच्या मराठीत अर्थ. तिसऱ्या परिच्छेदात ‘यात साल नाही’ हे वाक्य. वाचक इथे थांबतो, कारण त्याच्या डोक्यात ९८३ असतं. मग गंगराज कोण हे सांगावं, म्हणजे कोडं वाचकाच्या डोळ्यांसमोर सुटतं. ‘करवियलें’ची फोड मध्यावर, लक्ष ढळू लागतं तिथे. संवत्सराचा हिशेब चौकटीत, ज्याला हवा तो करील.

मजकुरात तीन थर वेगळे ऐकू यायला हवेत. दगडावर जे आहे ते ‘आहे’. त्यावरून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून’ने जोडलेला. अनुमान ‘असावं’, ‘बहुधा’ने. पानाच्या तळाशी एक मोठी सावधगिरीची टीप टाकून वर सगळीकडे ‘आहे, आहे’ लिहिण्याने काहीच साधत नाही, कारण टीप कोणी वाचत नाही. शंका त्याच वाक्यात हवी. ‘हा लेख ९८३ चा मानला जातो. (यावर मतभेद आहेत.)’ यातला कंस पहिल्याच उताऱ्यात गळतो. ‘ओळीत नाव दहाव्या शतकातल्या माणसाचं, पण कोरीवकाम बहुधा बाराव्या शतकातलं’ हे वाक्य मोडल्याशिवाय त्यातली शंका काढता येत नाही.

शीर्षकात ‘पहिला’ नको. शीर्षक लेखापासून सुटं होऊन फिरतं, फोटोही तसाच. म्हणून फोटोवरच, कडेला, बारीक पण वाचता येईल अशा अक्षरात वाचन, जागा आणि काळाचा अंदाज छापावा. फोटो कापला तर हा मजकूर जाईल असा खाली न ठेवता फोटोत अक्षरांच्या शेजारी दिसणाऱ्या मोकळ्या दगडावर ठेवावा.

प्रसिद्ध करण्याआधी दोन माणसांना लेख वाचायला द्यावा. एक जुनी मराठी जाणणारा, एक कानडी जाणणारा. दुसरा जास्त महत्त्वाचा. ‘सुत्ताले’, ‘माडिसिदं’, गंग आणि होयसळ यांची नावं, तळकाडचा प्रसंग, या सगळ्यांत मराठी लेखकाच्या चुका त्यालाच दिसतात. विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज आणि गंग राजवंश यांची सरमिसळ मराठी लेखांत सर्रास होते. नावात ‘गंग’ असला तरी गंगराज होयसळांचा माणूस, आणि गंगांचा सेनापती तो चावुंडराय. हे एका वाक्यात स्पष्ट करून टाकावं.

चूक सापडली तर मूळ वाक्य गुपचूप बदलू नये. खाली तारीख घालून ‘आधी असं छापलं होतं, ते चूक, कारण हे’ असं लिहावं. ज्याने जुना मजकूर उतरवून घेतला आहे त्याला फरक कुठे पडला ते कळतं. ‘राये’चं ‘राजें’ केलं तरीही ही नोंद करावी, मग ती एका अक्षराची का असेना.

फोटोखालच्या ओळीचा एक नमुना देतो, जसाच्या तसा वापरता येईल:

‘श्रवणबेळगोळ, गोमटेश्वराच्या पायांशी असलेल्या नागरी लिपीतल्या दोन मराठी ओळी. वाचन: श्रीचावुण्डराजें करवियलें / श्रीगंगराजे सुत्ताले करवियले. लेखात साल नाही. पहिल्या ओळीतला चावुंडराय दहाव्या शतकातला, दुसरीतला गंगराज बाराव्या शतकातला. अक्षरवळण सारखं असल्यामुळे दोन्ही ओळी बहुधा १११७ च्या सुमारास कोरलेल्या. शेजारी याच अर्थाच्या कानडी आणि तमिळ ओळी आहेत.’